जुना डेस्कटॉप सुरू होत नाही? दुकानात नेण्याआधी एवढं तपासा

‘कॉम्प्युटर चालूच होत नाहीये’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: म्हणजे नक्की काय होतंय? बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही? पंखा फिरून लगेच थांबतो? पंखा फिरत राहतो पण स्क्रीन काळी? की स्क्रीनवर अक्षरं येतात आणि पुढे विंडोज येत नाही? ही चार वेगळी दुखणी आहेत. यातलं आपलं कोणतं हे ठरलं की अर्धं काम झालं. ते न ठरवता रॅम (मेमरीची पट्टी) बदल, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदल असं सुरू केलं की खिसा रिकामा होतो आणि मशीन तसंच राहतं.

हा लेख साधारण २००५ ते २०१४ या काळातल्या असेंबल केलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. कोअर टू ड्युओ, ड्युअल कोअर, सुरुवातीचे आय थ्री, एएमडीचे अॅथलॉन. रॅम डीडीआर२ किंवा डीडीआर३. असली मशीन अजून कितीतरी घरांत, टायपिंग सेंटरमध्ये आणि छापखान्यांत आहेत. कुणाचा टॅलीचा जुना हिशेब त्यात असतो, कुणाच्या श्रीलिपीतल्या फायली, कुणाचे लग्नाचे फोटो.

मशीन सुरू होताना कामं ठरलेल्या क्रमाने होतात. प्लग लावून मेन स्विच चालू केला की एसएमपीएस मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डला, थोडी वीज देत राहतो, मशीन बंद असतानाही. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला पूर्ण सुरू व्हायला सांगतो. व्होल्टेज स्थिर झालं की एसएमपीएस बोर्डला ‘ठीक आहे’ असा इशारा देतो. मग प्रोसेसर जागा होतो, बायोस, म्हणजे बोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम आणि डिस्प्ले तपासतो, आणि शेवटी हार्ड डिस्क वाचून विंडोज उठवतो. साखळी कुठे तुटली ते शोधायचं, एवढाच खेळ आहे.

हाताशी काय हवं

स्टार स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा कोरा मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, टॉर्च, आणि शक्य असेल तर डिजिटल मल्टीमीटर. अगदी स्वस्तातला चालतो. मदरबोर्डवर लावायचा छोटा स्पीकर मात्र जरूर घ्या. दोन वायरी आणि नखाएवढा काळा बझर असतो, किरकोळ किमतीत मिळतो. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो दिलेलाच नसतो आणि मग बिचारा बोर्ड बोलायला बघतो पण आवाज फुटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी पॉवर कॉर्ड काढायची आणि पुढचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते. कधीकधी एवढ्यानेच हटून बसलेलं मशीन सुरू होतं, तेव्हा हे केल्यावर कॉर्ड लावून एकदा बघाच. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातला स्थिर विद्युत प्रभार उतरतो. काहीही काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी कुठे होत्या हे नंतर कोणालाच आठवत नाही.

आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतं. पंख्याला तेल घालायचं म्हणून डबा उघडणारे लोक आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

बटण दाबलं, काहीच नाही

सुरुवात भिंतीपासून. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग स्पाइक गार्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून कॉर्ड थेट भिंतीत लावा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि बॅटरी मेली की काही यूपीएस लाइट असतानाही सुरू होत नाहीत. दोष यूपीएसचा आणि दुकानात जातो कॉम्प्युटर, असं नेहमी होतं.

कॉर्डवर संशय असेल तर नवी आणायची गरज नाही. मॉनिटरची आणि सीपीयूची कॉर्ड बहुतेक वेळा सारखीच असते. अदलाबदल करून बघा. मागे एसएमपीएसवर काळा स्विच असतो, तो रेघेच्या बाजूला दाबलेला हवा, गोलाच्या नाही. जुन्या एसएमपीएसवर शेजारीच एक लाल सरकता स्विच असतो, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. तो २३० वरच हवा. ११५ वर असताना आपल्याकडची वीज दिली तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो. घरात लहान मुलं असतील तर त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

इथवर सगळं बरोबर असेल तर कॉर्ड लावलेली ठेवून कॅबिनेटची बाजू उघडा. पुष्कळ मदरबोर्डवर कोपऱ्यात एक हिरवा दिवा असतो. तो जळत असेल तर बोर्डला थोडी वीज मिळते आहे, आणि आता संशय बटणावर.

कॅबिनेटचं बटण ही साधी दोन वायरींची कळ आहे आणि ती वर्षानुवर्षं दाबून झिजते. बोर्डाच्या खालच्या कडेला बारीक पिनांचा जुडगा असतो. तिथे ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली छोटी टोपी शोधा. ती काढा आणि ज्या दोन पिनांवर ती होती त्यांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकाच वेळी, क्षणभर स्पर्श करा. त्या दोनच पिनांना. मशीन सुरू झालं तर बटण खराब. यावर फुकटचा उपाय आहे: शेजारची ‘रीसेट एसडब्ल्यू’ची टोपी काढून पॉवरच्या पिनांवर लावा. आता रीसेटचं बटण मशीन सुरू करेल. रीसेट तसंही कोण वापरतं!

बटण ठीक आणि तरीही शांतता असेल तर एसएमपीएस तपासायचा. कॉर्ड काढा. बोर्डवरचा सर्वांत रुंद २४ पिनांचा, फार जुन्या बोर्डवर २० पिनांचा, कनेक्टर कळ दाबून सोडवा. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा आणि हार्ड डिस्कचाही काढा. जुना डीव्हीडी ड्राइव्ह तेवढा जोडलेला राहू द्या, कारण काही एसएमपीएस काहीच भार नसेल तर उठत नाहीत. रुंद कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. तिच्या आणि शेजारच्या काळ्या वायरीच्या खाचेत सरळ केलेली पेपर क्लिप खोचा, मग कॉर्ड लावून मागचा स्विच चालू करा. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला, विषय संपला.

फिरला तर? लोक इथेच फसतात. पंखा फिरतो याचा अर्थ एसएमपीएस चांगला आहे असा होत नाही. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी सुई काळ्या वायरीला, लाल सुई पाळीपाळीने रंगीत वायरींना. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. जांभळीवर नेहमी ५ च्या आसपास, एसएमपीएस पूर्ण सुरू नसतानाही. राखाडी वायर म्हणजे मघाचा ‘ठीक आहे’ हा इशारा. सुरू केल्यावर अर्ध्या सेकंदात तिथे ५ व्होल्टच्या जवळपास दिसायला हवेत. बाकी आकडे बरोबर आणि राखाडीवर शून्य असेल तर बोर्ड जन्मात उठणार नाही.

ही परीक्षा साध्या, सर्वसाधारण कॅबिनेटसाठी आहे. ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड बारक्या डब्यांमध्ये कधीकधी वेगळ्याच पिनांचे कनेक्टर असतात, आणि काही एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे अंदाजाने क्लिप खोचू नका.

नवा एसएमपीएस घेताना डब्यावर छापलेल्या ४५० किंवा ५०० वॅटवर जाऊ नका. कोअर टू ड्युओच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा ६५ वॅट आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला खरोखरचे २५० ते ३०० वॅट पुष्कळ झाले. नावाजलेला ३०० चा बिननावाच्या ५०० पेक्षा केव्हाही बरा. हातात घेऊन बघा, फुलासारखा हलका लागला तर तिथेच ठेवून या.

पंखा फिरतो आणि लगेच बंद पडतो

किती वेळात बंद पडतो ते बघा. बटण दाबताच झटका देऊन थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा-पंधरा सेकंदांनी किंवा बायोसची अक्षरं दिसल्यावर थांबला तर उष्णता.

शॉर्टसाठी आधी मागचं-पुढचं सगळं काढा: माउस, कीबोर्ड, प्रिंटर, पेन ड्राइव्ह. पुढच्या यूएसबीच्या खाचांत टॉर्च मारा. आतली पांढरी पट्टी तुटून पिना एकमेकींना टेकलेल्या दिसतात. तसं असेल तर त्या पॅनेलची वायर बोर्डवरून काढून टाका, मागच्या यूएसबीवर काम चालतं. बोर्डखाली निसटलेला स्क्रू पडलाय का तेही बघा.

उष्णतेचं कारण बहुधा डोळ्यांना दिसतं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा गालिचा बसलेला असतो. ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, पण हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) मूळ कूलरला, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीला, चार प्लास्टिकचे पाय असतात. त्यातला एक जरी वर आलेला असेल तर हीटसिंक एका बाजूने उचललेला राहतो आणि मशीन तापून बंद पडतं. चारही पाय हलवून बघा, बोर्डच्या मागून ते पूर्ण आरपार आलेले दिसले पाहिजेत.

कूलर काढलाच तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुसून नवी लावायलाच हवी. तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. दाबाने ती आपोआप पसरते. एएमडीच्या त्या काळच्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की कूलर ओढल्यावर प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी मशीन सुरू होत असेल तर थोडं तापू द्या, मग बंद करून, कॉर्ड काढून कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवा. इंटेलच्या ७७५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. त्यांना बोट लावू नका.

आत डोकावलाच आहात तर प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर बघून घ्या. उभ्या डब्यांसारखे असतात, माथ्यावर फुलीची खाच. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा त्यातून तपकिरी खरपुडी आली असेल तर तो गेला. २००० च्या दशकातल्या कितीतरी बोर्डांत निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर बसवले गेले होते. सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर सुरू होणारं, एकदा तापलं की दिवसभर नीट चालणारं मशीन बहुधा याच रोगाचं असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे कॅपॅसिटर मिळतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे घ्यायचे. सोल्डरिंगचा हात नसेल तर मात्र हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला द्या.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

सर्वांत जास्त मशीन इथे अडकतात, आणि सर्वांत जास्त मशीन इथेच फुकटात सुटतात.

आधी मॉनिटर निर्दोष ठरवून घ्या. केबल काढून नुसता मॉनिटर चालू करा. ‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक केबल’ असं काही आलं तर तो जिवंत आहे. निळ्या व्हीजीए केबलच्या टोकात एखादी पिन वाकलीय का बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावलेली हवी. कार्डावरच संशय असेल तर ते काढून केबल बोर्डच्या स्वतःच्या पोर्टला लावा.

मग रॅम. कॉर्ड काढून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडा, पट्टी वर येते. खालच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरा. निस्तेज, काळपट, मधूनच ठिपके, असं दिसलं तर मशीन का बसलं ते कळलंच. पट्टी बोर्डपासून दूर नेऊन खोडरबर दोन्ही बाजूंनी हलकेच घासा, चुरा ब्रशने पूर्ण झाडा. खाचेतही ब्रश फिरवा. बसवताना पट्टीतली फट आणि खाचेतला उंचवटा जुळवा, दोन्ही टोकं अंगठ्याने एकसारखी दाबा. खिट्ट्या खट् आवाज करून आपणहून बंद झाल्या पाहिजेत. एक पट्टी ठेवून सुरू करा, नाही झालं तर तीच दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी. कंटाळवाणं आहे, पण वगळू नका.

कोकणात पावसाळ्यानंतर हा प्रकार हमखास होतो. चार महिने झाकून ठेवलेल्या मशीनमध्ये दमट हवेने संपर्काच्या जागा गंजतात. रोज तासभर चालणारं मशीन आतून कोरडं राहतं. गणपतीला गावी गेल्यावर मशीन थेट चालू करण्याऐवजी आधी उघडून बघा. मुंग्यांचं वारूळ किंवा पालीची अंडी सापडली तर नवल वाटून घेऊ नका.

रॅमने काम झालं नाही तर त्या छोट्या स्पीकरची वेळ आली. तो बोर्डवर ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिनांच्या ओळीत लावा. आता सगळी रॅम काढा आणि मशीन सुरू करा. रॅमशिवाय मशीन चालणार नाहीच, पण बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत असतील तर बोर्ड बोंब मारतो, म्हणजे लांब बीप पुन्हापुन्हा किंवा तीन बीप. ही बोंब ऐकू आली तर आनंद माना: दोष रॅममध्ये, तिच्या खाचेत किंवा डिस्प्लेमध्ये आहे, बोर्ड बहुधा वाचला.

बीपची भाषा बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलते. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले. एएमआय बायोसमध्ये तीन आखूड म्हणजे रॅम, आठ आखूड म्हणजे डिस्प्लेची मेमरी. रॅम लावलेली असताना एकच आखूड बीप येत असेल तर बहुतेक बोर्डांवर त्याचा अर्थ सगळं ठीक, तेव्हा परत मॉनिटर आणि केबलकडे वळा.

रॅम काढूनही बीप नाही? प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर लागलाय का बघा. साफसफाईनंतर तो लावायचा राहतो, पंखे फिरतात आणि प्रोसेसरला वीजच नसते. मग कॉर्ड काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, पाचेक मिनिटं काढून ठेवा. बायोसच्या बिघडलेल्या सेटिंग पुसल्या जातात. सेल नवा असताना ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला असेल तर बदला. घड्याळवाल्याकडेही मिळतो. अधिक चिन्हाची बाजू वर.

अक्षरं येतात, विंडोज येत नाही

इथे आलात म्हणजे वीज, बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं चालू आहे. आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा. मशीन त्यातून विंडोज शोधत बसलेलं असू शकतं.

‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘प्रेस एफ१ टू कंटिन्यू’ येत असेल आणि तारीख मागच्या जमान्यातली दिसत असेल तर सेल संपलाय. तारीख दुरुस्त करायलाच हवी. ती चुकली की ब्राउझर अर्ध्या साइट असुरक्षित म्हणून अडवतो आणि लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात.

सेल बदलल्यावरचा एक सापळा सांगून ठेवतो. सेल काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, त्यात साटाचा (हार्ड डिस्कच्या जोडणीचा) मोडही बदलू शकतो. एएचसीआय आणि आयडीई हे त्याचे पर्याय. विंडोज एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं आणि बायोस आता आयडीईवर, किंवा उलट, असं झालं की विंडोजचा लोगो येताच निळी स्क्रीन चमकते आणि मशीन पुन्हा सुरू होतं. निळ्या स्क्रीनवरचा आकडा ७बी ने संपतो. दुकानात याला ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं उत्तर मिळू शकतं. गरज नसते. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, साटा मोड दुसऱ्या पर्यायावर करा, सेव्ह करा.

‘डिस्क बूट फेल्युअर’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ आलं तर बायोसमध्ये हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर बूटच्या क्रमात ती पहिली करा. दिसत नसेल तर साटा केबल दोन्ही टोकांनी काढून लावा, दुसरी केबल, दुसरं पोर्ट वापरून बघा. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा एक्सपीचा आणि ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ हा विंडोज ७ चा निरोप. बूटचा क्रम बरोबर असेल तर सुरुवातीच्या फायली बिघडल्यात, आणि त्या विंडोजच्या सीडीवरून दुरुस्त होतात.

डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर मात्र मशीन ताबडतोब बंद करा आणि पुन्हापुन्हा सुरू करून बघू नका. प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढू शकतं. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

आवाज नसेल आणि फक्त फायली हव्या असतील तर साटा ते यूएसबी अॅडॉप्टर घेऊन डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. म्हणून वेगळा पॉवर अॅडॉप्टर असलेलाच घ्या. लॅपटॉपच्या डिस्कचा स्वस्त अॅडॉप्टर आणला की डिस्क फिरतच नाही आणि ती मेली असं वाटतं.

कुठे थांबायचं

एसएमपीएसचे आकडे बरोबर, प्रोसेसरचा कनेक्टर लागलेला, सेल नवा, स्पीकर लावलेला, आणि रॅम काढूनही बोर्ड मुका, तर बोर्ड गेला असं धरा. प्रोसेसर जळणं दुर्मिळ. जुना बोर्ड मिळतो, पण सॉकेट आणि रॅमचा प्रकार तोच हवा. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, एक दुसरीत बसत नाही. जुन्या बोर्डला निदान महिनाभराची बदलून देण्याची बोली करून घ्या. दुकानदार दर जास्त सांगू लागला तर पैसे त्यात न घालता वापरलेलं पूर्ण मशीन बघा.

दुकानात नेणारच असाल तर काय काय तपासलं ते कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा, म्हणजे तीच तपासणी तुमच्या पैशाने पुन्हा होणार नाही. आणि दोष हार्ड डिस्कचा नसेल तर ती काढून घरीच ठेवा. दोन केबल आणि चार स्क्रूंचं काम आहे. बोर्ड उठतो की नाही हे बघायला दुकानदाराला तिची गरज नसते.